वाचकांचे प्रश्न : खाते बदलले, खरेदीचे काय?

मोबाइलवर पैसे भरून घेतलेली ॲप्स एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेता येतात का, या एकाच अडचणीभोवती फिरणारी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : महाविद्यालयात असताना उघडलेल्या जीमेल खात्यावरून मी अनेक वर्षे प्ले स्टोअरवर ॲप्स घेत आलो. आता नव्या नावाचे खाते उघडले आहे. काही ॲप्स एकरकमी विकत घेतलेली आहेत, काहींमध्ये आत पैसे भरून जाहिराती बंद केल्या आहेत आणि दोन वर्गण्या चालू आहेत. हे सर्व नव्या खात्यात वर्ग करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सरळ उत्तर नकारार्थी आहे. प्ले स्टोअरवरील खरेदी ज्या गूगल खात्यातून झाली, त्याच खात्याशी ती जोडलेली राहते. दोन्ही खाती एकाच माणसाची असली तरी खरेदी एकातून दुसऱ्यात वर्ग करण्याची किंवा दोन खाती एकत्र करण्याची सोय गूगल देत नाही. म्हणून सर्वांत आधी आपल्याला खरोखर नवे खाते हवे आहे की केवळ नवा ईमेल पत्ता हवा आहे, याचा विचार करावा. खात्याच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलण्याचा पर्याय आपल्याला खुला दिसत असेल, तर तोच स्वीकारावा, कारण खाते तेच राहिले की खरेदीही जागच्या जागी राहते.

तो पर्याय नसेल, तर जुने खाते केवळ खरेदीपुरते फोनवर ठेवणे हा माझ्या मते सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. एका अँड्रॉइड फोनवर एकाहून अधिक गूगल खाती ठेवता येतात. टपाल, संपर्क आणि छायाचित्रे नव्या खात्यावर चालू द्यावीत, जुन्या खात्यावर येणारे टपाल नव्याकडे आपोआप पुढे पाठवण्याची व्यवस्था जीमेलमध्येच करून घ्यावी आणि विकत घेतलेले ॲप उतरवताना तेवढ्यापुरते प्ले स्टोअरमधील खाते बदलावे. ॲपच्या आत पैसे भरून मिळवलेल्या सोयींबाबत एक बारकावा आहे, जो न कळल्यामुळे अनेकांना आपले पैसे बुडाले असे वाटते. ॲप ज्या खात्यातून उतरवलेले असते, त्याच खात्यातील खरेदी ते साधारणपणे ओळखते. नव्या खात्यातून उतरवल्यावर जाहिराती पुन्हा दिसू लागल्या, तर ते ॲप काढून टाकावे, प्ले स्टोअरमध्ये जुने खाते निवडावे आणि ॲप पुन्हा उतरवावे. मात्र ॲपमधील नोंदी केवळ फोनवरच साठवलेल्या असतील, तर ॲप काढण्यापूर्वी त्यांची प्रत घेऊन ठेवायला विसरू नये.

दुसरा मार्ग फॅमिली लायब्ररीचा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या सोयीत कुटुंबप्रमुख धरून सहा जणांना एकमेकांची पात्र खरेदी वापरता येते, आणि आपले जुने खाते त्यांतील एक सदस्य म्हणून ठेवता येते. अर्थात त्यात एक जागा अडते. २ जुलै २०१६ पूर्वी घेतलेली ॲप्स, त्यांच्या निर्मात्याने परवानगी दिली असेल तरच, यात मोडतात आणि ॲपच्या आतील खरेदी तर अजिबातच मोडत नाही. त्यामुळे जाहिराती बंद करण्यासाठी दिलेल्या पैशांचा प्रश्न या मार्गाने सुटणार नाही.

एखादे ॲप महागाचे असेल आणि ते नव्या खात्यावरच हवे असेल, तर निर्मात्याला पत्र लिहून पाहावे. प्ले स्टोअरच्या पावतीवर ‘जीपीए’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो पत्रात द्यावा. निर्मात्याला दर तिमाहीस एका ॲपमागे ५०० पर्यंत मोफत कूपन काढण्याची मुभा गूगलने दिलेली आहे, त्यामुळे मनात आणले तर त्यांतील एक आपल्याला देणे त्याला जड नाही. मोठ्या कंपन्या अशा पत्रांना ठरावीक साच्याचे उत्तर देतात. एकट्यादुकट्याने ॲप चालवणाऱ्यांकडून आशा अधिक असते.

राहिल्या वर्गण्या. त्या जुन्या खात्यातून रद्द कराव्यात, भरलेली मुदत संपू द्यावी आणि मग नव्या खात्यातून सुरू कराव्यात. ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हे आवर्जून सांगतो. कोणती वर्गणी कोठून कापली जाते हे विसरला असाल, तर बँकेचे संदेश तपासावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कपातीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते.

जुने खाते पडून राहिले तर गूगल ते बंद करील, अशी भीती काहींनी कळवली आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले हे खरे, पण ज्या खात्यातून डिजिटल वस्तू विकत घेतलेली आहे ते त्यातून वगळलेले आहे. खरा धोका वेगळाच असतो : जुन्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडतो आणि मग आत शिरण्याची वाटच उरत नाही. तो क्रमांक आजच बदलून घ्यावा.

प्रश्न : पैसे मी भरले, पावती माझ्या नावावर आहे. मग ती वस्तू मला हवी त्याला देता का येऊ नये? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कारण कंपन्यांच्या म्हणण्यानुसार आपण वस्तू घेतलेलीच नसते; ती वापरण्याचा परवाना घेतलेला असतो, आणि तो परवाना खातेदारापुरता असल्याचे ज्या करारावर आपण न वाचता संमती देतो त्यात लिहिलेले असते. अमेरिकेत ‘व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ या खटल्यात २०१० साली अपील न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली. तेथे तर प्रश्न ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या हाताळता येण्याजोग्या जुन्या प्रती ईबे या विक्रीच्या संकेतस्थळावर विकण्याचा होता.

युरोपात मात्र वारे काही काळ उलट दिशेने वाहिले. ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी आणि वापरलेले परवाने विकणारी यूज्डसॉफ्ट यांच्यातील वादात युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी असा निकाल दिला की, कायमच्या वापरासाठी पैसे घेऊन दिलेले सॉफ्टवेअर, ते इंटरनेटवरून उतरवलेले असले तरी, ग्राहकाला पुढे विकता येते. अट एवढीच की त्याने स्वतःची प्रत निकामी करावी. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना हा न्याय लागू करण्यास नकार दिला. आणि २०१२ च्या निकालानंतरही प्ले स्टोअरवर किंवा ॲप स्टोअरवर ‘दुसऱ्याला द्या’ असे बटण काही आले नाही. हक्क असणे वेगळे आणि तो बजावण्याची सोय असणे वेगळे.

भारतात ॲपची खरेदी दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करण्याची सक्ती कंपन्यांवर करणारा कायदा नाही. कॅलिफोर्नियाने निदान शब्दांपुरता प्रामाणिकपणा आणला : १ जानेवारी २०२५ पासून तेथे डिजिटल वस्तूसाठी ‘विकत घ्या’ असे लिहायचे, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगावे लागते. असा नियम आपल्याकडेही यावा असे मला वाटते. हस्तांतर त्याने साधणार नाही, पण आपण कशासाठी पैसे मोजत आहोत हे निदान कळेल.

प्रश्न : आयफोनवर माझी दोन ॲपल खाती आहेत, एक आयक्लाउडसाठी आणि एक खरेदीसाठी. अमेरिकेतील माझ्या भावाने त्याच्या दुसऱ्या खात्यातील खरेदी पहिल्यात हलवली. मला तो पर्याय का दिसत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या फोनमध्ये बिघाड नाही. दुय्यम खात्यातील खरेदी मुख्य खात्यात हलवण्याची सोय ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणली, पण युरोपीय संघ, ब्रिटन आणि भारत येथील वापरकर्त्यांना ती उपलब्ध नाही, हे ती आणतानाच स्पष्ट केले. अशी दुहेरी खाती असणारे बरेच लोक आहेत, कारण आयक्लाउड २०११ मध्ये आले आणि त्याआधी ज्यांचे आयट्यून्सचे (ॲपलच्या गाण्यांच्या दुकानाचे) खाते होते त्यांतील अनेकांनी आयक्लाउडसाठी नवे खाते उघडले.

या सोयीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. दोन्ही खाती एकाच देशातील हवीत, दोन्हींवर दुहेरी पडताळणी चालू हवी, आणि खरेदी हलवल्यानंतर दुय्यम खात्यातून पुन्हा काही विकत घेता येत नाही. केलेले स्थलांतर उलटवण्याची वाटही ठेवलेली आहे. म्हणजे हस्तांतर तंत्राला जमत नाही म्हणून अडलेले नाही. एका कंपनीने ते करून दाखवले आहे आणि कोणत्या देशात द्यायचे हे तिने ठरवले आहे. त्यामुळे कोणी ‘हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असे सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्यापुरता उपाय म्हणजे आज आहे तीच रचना चालू ठेवणे. सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली ‘मीडिया आणि खरेदी’ या ठिकाणी जुने खाते राहू द्यावे. आयक्लाउडवर दुसरे खाते असल्याने त्याला बाधा येत नाही. फॅमिली शेअरिंगमध्ये सहा जणांपर्यंत खरेदी वाटून घेता येते, आणि डिसेंबर २०२० पासून निर्मात्याने मुभा दिली असेल तर वर्गण्या व ॲपच्या आतील कायमस्वरूपी खरेदीही त्यात धरली जाते. खेळांतील नाणी आणि तत्सम खर्ची पडणाऱ्या गोष्टी मात्र वाटता येत नाहीत. इतर सदस्यांच्या नव्या खरेदीचे बिल कुटुंबप्रमुखाच्या नावावर येऊ शकते, हे लक्षात ठेवून मगच घरातील मुलांना त्यात घ्यावे.

प्रश्न : मी पुढील वर्षी महाविद्यालयातून निवृत्त होत आहे. संस्थेने दिलेल्या गूगल खात्यावरून मी शब्दकोशाची आणि टिपणांची काही ॲप्स घेतली होती. खाते बंद होण्यापूर्वी काय करावे? (एक प्राध्यापिका, कोल्हापूर)

उत्तर : संस्थेने मुभा ठेवली असेल, तर आपली टपाले आणि ड्राइव्हवरील फायली वैयक्तिक खात्यात पाठवता येतात, ते काम आधी करावे. ॲप्सची खरेदी मात्र त्या खात्याबरोबर जाणार आहे. संस्थेचे खाते फॅमिली लायब्ररीत घालता येत नसल्यामुळे ती पळवाटही उपलब्ध नाही. टिपणे ॲपमधून बाहेर काढून साध्या फाइलींत साठवावीत, कारण ॲप पुन्हा विकत घेता येते, टिपणे घेता येत नाहीत. अजून नोकरीत असलेल्या वाचकांनी कार्यालयाच्या खात्यावरून स्वतःच्या पैशाने काहीही विकत घेऊ नये.

प्रश्न : वडील आयपॅडवरील तानपुऱ्याच्या ॲपवर रियाज करत. त्यांचे अलीकडेच निधन झाले. ते ॲप आता बहिणीच्या खात्यावर घ्यायचे आहे. वारसा प्रमाणपत्र मिळवले तर कंपनी ऐकेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वडिलांच्या आठवणीची गोष्ट असल्याने आपली ओढ समजते, पण केवळ ॲपसाठी प्रमाणपत्राच्या मागे लागू नये. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस-संपर्क, म्हणजे आपल्या पश्चात खात्यातील गोष्टी मिळवू शकणारी व्यक्ती, नेमण्याची सोय आणली, तीतही छायाचित्रे, टिपणे आणि फायली मिळतात. विकत घेतलेली गाणी, पुस्तके, ॲपच्या आतील खरेदी आणि वर्गण्या मिळत नाहीत. गूगलवर बराच काळ न वापरलेल्या, म्हणजे निष्क्रिय, खात्याची जी व्यवस्था २०१३ पासून आहे, तिच्याद्वारे दहा जणांपर्यंत विदा (डेटा) पोचवता येते, खरेदी नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये नामनिर्देशनाचा हक्क आहे, तोही विदेपुरता. छापील शब्दकोश आजोबांकडून नातवाकडे जातो तसे येथे घडत नाही.

म्हणून आयपॅड आहे तसा सांभाळावा. जोवर त्यावर वडिलांचे खाते चालू आहे तोवर ॲपही चालत राहील. तो पुसून नव्याने सुरू करण्याचा मोह टाळावा. मृत्यूचा दाखला देऊन ॲपलकडून उपकरणाचे कुलूप काढून घेता येते, पण त्यासाठी उपकरण पूर्ण पुसावे लागते आणि मग काहीच हाती राहत नाही. त्यांच्या रियाजाची ध्वनिमुद्रणे त्या ॲपमध्ये असतील, तर ती आधी बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवावीत. बहिणीसाठी ॲप नव्याने विकत घ्यावे. न्यायालयीन खर्चापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल. वडिलांच्या यूपीआयवरून किंवा कार्डावरून कापल्या जाणाऱ्या वर्गण्या मात्र बँकेला कळवून तातडीने थांबवाव्यात. दिवंगत व्यक्तीचा पासवर्ड वापरून वर्षानुवर्षे खरेदी वापरत राहणे अनेक घरांत चालते, हे मला ठाऊक आहे; करार त्याला मान्यता देत नाही, एवढे सांगणे भाग आहे.

प्रश्न : मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. ती आमच्या कुटुंब-गटात राहू शकेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गूगलचा कुटुंब-गट एकाच देशात राहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे तिने प्ले स्टोअरवरील देश बदलला की अडचण येईल. देश वर्षातून एकदाच बदलता येतो. म्हणून अल्प मुदतीचा अभ्यासक्रम असेल तर घाई करू नये. बदल केल्यावर भारतातील प्ले खात्यातील शिल्लक तेथे वापरता येत नाही आणि काही ॲप्स किंवा पुस्तके दिसेनाशी होऊ शकतात. ॲपल वापरत असल्यास देश बदलण्यापूर्वी खात्यातील शिल्लक खर्च करावी लागते, चालू वर्गण्या रद्द कराव्या लागतात आणि फॅमिली शेअरिंगमधून बाहेरही पडावे लागू शकते. ही कामे येथूनच, भारतातील मोबाइल क्रमांक चालू असतानाच, उरकून घ्यावीत, कारण पडताळणीचा संकेतांक त्याच क्रमांकावर येतो.