उरुशीखाली स्पर्श-सेन्सर बसवणार असाल तर

आधी हातमोजे आणा. उरुशी हा बिब्ब्याच्याच कुळातल्या झाडाचा चीक आहे, जपानमध्ये तो वस्तूंवर चकचकीत लेप म्हणून लावतात. ओला असताना अंगाला लागला की उततो, आणि खाज दिवसेंदिवस जात नाही.

तो उन्हात वाळवू नका. उरुशी दमट हवेतच घट्ट होतो, म्हणून जपानी कारागीर साधारण 70 ते 85 टक्के आर्द्रतेचं बंद कपाट वापरतात. सोल्डरिंग त्याआधीच उरका.

लेप वीजरोधक असला तरी बिघडत नाही. बोट जवळ आल्यावर विद्युतधारणेत होणारा बदल टिपणाऱ्या कपॅसिटिव्ह सेन्सरचा तांब्याचा पट्टा पातळ थराखालूनही बोट ओळखतो. नक्षीलाच इलेक्ट्रोड, म्हणजे स्पर्श टिपणारा वीजवाहक भाग, करायचं असेल, तर माकि-ए या जपानी नक्षीकामात ओल्या उरुशीवर शिंपडलेल्या सोन्याच्या पुडीवर विसंबू नका, कणाकणांमध्ये उरुशी शिरतो. त्यापेक्षा सोन्याचा वर्ख बरा. तोही मल्टिमीटर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीज सलग जाते का ते तपासा, मगच पुढचा हात द्या.