दोन विमानांच्या मधले आठ तास

प्रश्न : आमच्या तिकिटात मध्ये आठ तासांचा थांबा आहे. सकाळी दहाला उतरायचं, संध्याकाळी सहाला पुढचं विमान. एजंट म्हणतो, तेवढ्यात शहर आरामात बघून होतं. खरंच होतं का?

उत्तर : शहर होत नाही. शहराचा एखादा भाग होतो, आणि तोही घड्याळाचा हिशेब शेवटाकडून मांडला तर.

सहाचं विमान म्हणजे सहाला ते जागचं हलतं. गेट त्याआधी साधारण पंधरा-वीस मिनिटं बंद झालेलं असतं आणि बोर्डिंग त्याच्याही आधी, पाऊण ते एक तास, सुरू झालेलं असतं. तुम्ही शहरातून परत येता तेव्हा इमिग्रेशन आणि सिक्युरिटी दोन्ही रांगा पुन्हा लागतात. कधी टर्मिनल बदलावं लागतं, कधी गेट इतकं लांब असतं की चालतच वीस मिनिटं जातात. म्हणून बोर्डिंग पास हातात असला आणि बॅगा पुढे गेलेल्या असल्या तरी अडीच तास आधी विमानतळाच्या दारात हवं. म्हणजे साडेतीन.

आता सुरुवातीकडे या. विमान दहाला लागलं तरी तुम्ही दहाला बाहेर नसता. मागच्या रांगेत सीट असेल तर उतरायलाच पंधरा मिनिटं, पुढे बस किंवा लांबलचक चाल, मग इमिग्रेशन. याला सव्वा तास धरा. त्याच सुमाराला दोन-तीन मोठी विमानं उतरली असतील तर हाच वेळ दीड-दोन तासांवर जातो. समजा सव्वाअकराला बाहेर पडलात. मध्यवर्ती भागात जायला गाडीची वाट पाहण्यासकट पन्नास मिनिटं, परतायलाही तेवढीच. म्हणजे पोचलात १२:०५ला आणि तिथून निघायचं १४:४०ला. आठ तासांतले हातात आले दोन तास पस्तीस मिनिटं.

हे गणित शहरागणिक बदलतं, आणि सगळ्यात जास्त बदलतं ते विमानतळ किती लांब आहे यावर. झुरिकला विमानतळाखालूनच रेल्वे सुटते आणि दहा-बारा मिनिटांत मुख्य स्टेशनात आणते. कोपनहेगनची मेट्रो पंधरा मिनिटांच्या आसपास घेते, हाँगकाँगची एअरपोर्ट एक्सप्रेस चोवीस मिनिटं. अशा ठिकाणी सहा तासांचा थांबाही कामाचा. उलट टोकियोच्या नारिता विमानतळाहून शहराच्या मध्यात जायला साधारण तास लागतो. तिथे आठ तासांत टोकियोचा हट्ट धरण्यापेक्षा नारिता गावातच जावं. रेल्वेने दहा मिनिटं, स्टेशनपासून पंधराएक मिनिटं जुन्या रस्त्याने चाललं की नारितासान शिन्शोजी हे मोठं मंदिर. विमानतळाच्या अलीकडचं छोटं गाव हा पर्याय बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, आणि थोड्या वेळात सगळ्यात जास्त समाधान बहुधा तोच देतो.

आमचा ठोकताळा : हिशेबाअंती प्रत्यक्ष शहरात दोन तासांपेक्षा कमी उरत असतील तर बाहेर पडू नका. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर थांब्यातल्या प्रवाशांसाठी मोफत शहरफेरी आहे, तीसुद्धा किमान साडेपाच तासांचा थांबा असल्याशिवाय घेत नाहीत. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांना अशीच फेरी देते, तिथे किमान सहा तास लागतात. रोज हेच काम करणाऱ्यांनी ठरवलेले आकडे आहेत, तुम्ही त्याखाली जाऊ नका. आणि अशी फेरी मिळत असेल तर ती घ्यावी. परत वेळेत आणून सोडणं ही त्यांची डोकेदुखी होते, हा तिचा खरा फायदा.

प्रश्न : मोठ्या बॅगांचं काय करायचं? त्या घेऊन फिरावं लागेल का?

उत्तर : तिकीट एकच, म्हणजे दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर बॅगा सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. पण ‘सहसा’वर विसंबू नका. पहिल्या चेक-इनला बॅगेला जो टॅग लावतात त्यावरची तीन अक्षरं वाचा. ती शेवटच्या विमानतळाची हवीत. मधल्या शहराची असतील तर बॅग तिथेच पट्ट्यावर येणार. थांबा रात्रभराचा असेल तर काही कंपन्या बॅग मध्येच काढून देतात, म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारा.

अमेरिकेत वेगळा प्रकार आहे. देशात ज्या विमानतळावर पहिलं पाऊल ठेवता तिथे साधारणपणे इमिग्रेशन करून बॅग स्वतः उचलावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुढच्या पट्ट्यावर पुन्हा द्यावी लागते. पुढे जायचं असो वा नसो. वेळेच्या हिशेबात हा टप्पा आधीच धरा.

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर गोष्ट बिकट होते. बॅग घेण्यासाठी देशात प्रवेश करावाच लागतो, म्हणजे शहरात जायचं नसलं तरी व्हिसा लागू शकतो. पुढचं चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाआधी तीनच तास उघडतं, त्यामुळे बॅग लवकर देऊन मोकळं होता येत नाही. आणि बंद होतं ते आंतरराष्ट्रीय विमानासाठी सहसा एक तास आधी. तेव्हा वरच्या अडीच तासांच्या जागी साडेतीन धरा.

हातातलं सामान विमानतळाच्या सामानघरात किंवा शहरातल्या मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवता येतं. विमानतळावरचं बरं, कारण परत तिथेच यायचं आहे. ठेवण्याआधी खोली किती वाजता बंद होते ते बघा. चोवीस तास उघडी नसलेली सामानघरंही असतात, आणि बंद शटरसमोर उभं राहण्याची वेळ नेमकी विमानाच्या आधी येते. पावतीचा आणि लॉकरच्या नंबराचा फोटो काढा. पासपोर्ट, औषधं, पैसे, फोनचा चार्जर आणि पॉवर बँक अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा. पॉवर बँक विमानातही केबिनमध्येच चालते, आणि विशेष परवानगीशिवायची तिची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, म्हणजे छापील ३.७ व्होल्टला साधारण २७,००० एमएएच.

एक बारकी गोष्ट. ड्यूटी-फ्रीतून घेतलेली अत्तराची किंवा दारूची बाटली सीलबंद पिशवीत असली तरी शहरातून परतताना ती सिक्युरिटीत अडकू शकते. तिथे बऱ्याच ठिकाणी हातातल्या द्रवाची बाटली १०० मिलीपर्यंतचीच चालते आणि मोठी बॅग तर आधीच पुढे गेलेली असते. बाहेर पडणार असाल तर अशी खरेदी परतल्यावर, शेवटच्या सिक्युरिटीनंतर करा.

प्रश्न : ट्रान्झिटमध्ये असल्यावर व्हिसा लागत नाही असं ऐकलं. मग बाहेर कसं सोडतात?

उत्तर : विमानतळाच्या आत बसून विमान बदलणं वेगळं आणि इमिग्रेशन ओलांडून शहरात जाणं वेगळं. पहिल्याला अनेक ठिकाणी व्हिसा लागत नाही, दुसऱ्याला तुमच्या पासपोर्टनुसार लागतो किंवा सवलत असते. काही ठिकाणी तर नुसतं आत बसायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. तेव्हा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या पासपोर्टचा नियम तिकीट काढण्याआधी बघा.

फसगत दोन ठिकाणी होते. बऱ्याच ट्रान्झिट सवलती तिसऱ्या देशाला जाणाऱ्यांसाठीच असतात. चीनची २४० तासांची सवलत अशीच आहे : ज्या देशातून आलात त्याच देशात परत जाणार असाल तर ती मिळत नाही. दुसरी फसगत शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि जाताना थांब्यात फ्रँकफर्ट बघायला बाहेर पडून तुम्ही पुढे लंडनला गेलात, तर तो एक प्रवेश खर्च झाला. परतीच्या वाटेवर त्याच व्हिसावर पुन्हा बाहेर पडता येणार नाही. मात्र पुढचं विमान शेंगेनमधल्याच दुसऱ्या शहराला असेल, उदाहरणार्थ रोमला, तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते. ती झाली की तुम्ही आत आलेलेच असता, बाहेर चक्कर मारायला वेगळा प्रवेश लागत नाही. परतताना रोमसारख्या शहरातून शेंगेनमधला हाच मधला टप्पा घेतलात तर फिरून झाल्यावरच बाहेर जाण्याची तपासणी करा.

पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास छापून जवळ ठेवा. इमिग्रेशनच्या खिडकीशी फोनची बॅटरी संपलेली असणं काही नवीन नाही.

प्रश्न : रात्री अकराला उतरतो आणि सकाळी सातला विमान आहे. रात्रीचं शहर बघावं म्हणतोय.

उत्तर : झोपा. मेट्रो बऱ्याच शहरांत मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते, जायला मिळाली तरी यायला मिळत नाही, आणि साडेचारला तुम्हाला परत विमानतळावर हवं. ट्रान्झिट हॉटेल घेणार असाल तर ते इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर एवढं नीट बघा. आतलं असेल तर व्हिसाचा आणि परतीच्या रांगेचा प्रश्नच मिटतो. बाहेरचं स्वस्त वाटलं तरी जाण्यायेण्यात झोपेचे दोन तास जातात.

पहाटे पाचला उतरून दुपारी एकचं विमान असेल तर बाहेर जरूर पडा, पण संग्रहालयांच्या नादी लागू नका. ती सहसा नऊ-दहाला उघडतात आणि तुम्हाला साडेनऊला परतीची गाडी धरायची असते. नदीकाठ, बागा, पहाटेचा बाजार, प्रार्थनास्थळं हे सकाळी उघडं असतं आणि गर्दीही नसते. संग्रहालयच बघायचं असेल तर आधी साप्ताहिक सुट्टी तपासा. युरोपात पुष्कळ ठिकाणी ती सोमवारी असते, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं.

प्रश्न : बरोबर सासूबाई आहेत, व्हीलचेअर सांगितली आहे. शिवाय दोन वर्षांची मुलगी. जमेल?

उत्तर : विमानतळाची व्हीलचेअर विमानतळापुरतीच असते, ती शहरात नेता येत नाही. त्यामुळे सासूबाईंना थोडंसं चालवत असेल तरच बेत करा, आणि तोही एका जागी बसून बघण्यासारखा : बोटीची फेरी, ट्रामचा एखादा लांब मार्ग, पाण्याकाठची बाग. टॅक्सी घ्या, इथे वाचवू नका. परतल्यावर मदतीच्या काउंटरला नव्याने सांगावं लागतं, खुर्ची आपोआप हजर होत नाही. त्यासाठी अर्धा तास जादा धरा. मुळात ही मदत उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवायची असते, आणि दोन्ही विमानांसाठी कळवली आहे ना ते बघा.

मुलीची ढकलगाडी पहिल्या विमानाच्या दाराशी देताना टॅगवर काय लिहिलंय ते वाचा. ती बॅगांबरोबर थेट शेवटच्या मुक्कामी गेली तर मधले आठ तास मुलगी कडेवर. मधल्या शहरात विमानाच्या दाराशी परत हवी, असं टॅग लावतानाच सांगा.

प्रश्न : बाहेर गेल्यावर विमान चुकलं तर कंपनी दुसरं देते ना?

उत्तर : पहिलं विमान उशिरा आल्यामुळे, एकाच तिकिटावर, पुढचं चुकलं तर कंपनी पुढची सोय करते. तुम्ही शहरात अडकून चुकवलंत तर नाही. उलट तुमची नोंद ‘नो-शो’ होते आणि त्या तिकिटावरचे उरलेले सगळे टप्पे, परतीच्या प्रवासासकट, सहसा रद्द होतात. तुमची बॅगही विमानातून उतरवली जाते, कारण आंतरराष्ट्रीय उड्डाणात प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग ठेवत नाहीत. तुमच्यापायी विमान रखडलं, तर ते यामुळेच. उशीर होणार हे कळताच, गेट बंद होण्याआधी, कंपनीला फोन करा. आधी कळवलेल्याला निदान बोलायला जागा उरते.

म्हणून शहरात शिरताच दोन गजर लावा, एक निघण्याच्या वेळेचा आणि एक त्याआधी वीस मिनिटांचा. हातातलं घड्याळ स्थानिक वेळेला लावलं आहे ना ते बघा. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही. आणि पहिलं विमान दीड तास उशिरा पोचलं तर गणित नव्याने मांडा. वेळ दीड तासाने कमी झाला, पण ठरवलेली तीन ठिकाणं कुणी सोडत नाही, आणि विमानं बहुतेक वेळा तिथेच चुकतात.

परतीचा रस्ता जाताना जो होता तोच ठेवा. रेल्वेने गेलात तर रेल्वेनेच या. संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सी लवकर पोचवेल हा भ्रम आहे. मात्र रेल्वे बंद पडली तर दुसरा पर्याय काय, हे बाहेर पडतानाच विचारून ठेवा.

प्रश्न : पैसे आणि इंटरनेट यांची किती तयारी करायची?

उत्तर : तीन तासांसाठी चलन बदलायची गरज सहसा नसते. अनेक शहरांत मेट्रोच्या फाटकाला परदेशी काँटॅक्टलेस कार्ड थेट लावता येतं. चालतं का ते आधी बघा. जाताना जे कार्ड लावलं तेच बाहेर पडताना लावा, नाहीतर दोन अपुरे प्रवास धरून दोन्हीकडे जास्तीचे पैसे कापले जातात. दुकानातलं मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. पहिल्या पर्यायात त्यांचा दर लागतो, तो बहुधा महागच असतो.

नकाशा निघण्याआधी ऑफलाइन उतरवून घ्या. विमानतळाचं मोफत वायफाय काही ठिकाणी एसएमएसने कोड मागतं, आणि रोमिंग बंद असेल तर तो कोड येतच नाही. अशा वेळी मदत-खिडकीवर किंवा किऑस्कवर पासपोर्ट दाखवून कोड मिळतो का ते विचारा.

प्रश्न : थांबा मुद्दाम एक-दोन दिवसांचा करता येतो का?

उत्तर : येतो, पण आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांची रेघ लक्षात ठेवा. त्याच्या आत तो नुसता थांबा, त्यापुढे स्टॉपओव्हर. मग भाड्याचे नियम आणि कधी विमानतळाचे करही बदलतात, आणि बॅग तुमच्या हातात येते. तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून शोधा. काही कंपन्या यासाठी जादा भाडं घेत नाहीत. आइसलँडएअर अटलांटिक ओलांडताना आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत असं थांबू देते. तिकीट आधीच काढलं असेल तर तारीख बदलण्याची फी आणि भाड्यातला फरक दोन्ही विचारा, कारण नुसती फी ऐकून हो म्हटलेल्यांना फरकाचा आकडा नंतर कळतो.