बार्बाडोसमध्ये सहाही दिवस गाडी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट लॉरेन्स गॅप या गल्लीत सहा दिवस राहणार, सोबत सासू-सासरे आहेत, तर सगळे दिवस भाड्याची गाडी घ्यावी का? सात वर्षं इथे राहून सांगते, घेऊ नका. दोन दिवस पुरे, बाकी बसने फिरा.

बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. नकाशा बघून वाटतं, एका दिवसात पालथं घालू. पण दक्षिण किनाऱ्याचा रस्ता ऑफिसच्या वेळी तुंबतो आणि राजधानी ब्रिजटाउनमध्ये पार्किंग शोधताना सुट्टीचा जीव जातो. उलट गॅपच्या तोंडाशी, हमरस्त्यावर उभं राहिलात की बसची फार वाट बघावी लागत नाही. थांब्याच्या गोल पाटीवर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. थांब्यावर असलात तरी हात करा, नाहीतर बस निघून जाईल.

निळ्या बसा सरकारी, पिवळ्या खाजगी, आणि लाल पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅनना सगळे ‘झेड-आर’ म्हणतात, त्यांच्या नंबरप्लेटवरून. भाडं कुठेही जा, साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर. निळ्या बसमध्ये उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून नाणी जवळ ठेवा. झेड-आरमध्ये गाणी मोठ्याने लागतात आणि दाटीवाटीने बसवतात. सासू-सासऱ्यांसोबत निळीच बरी.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. इथे बसमध्ये चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, सगळ्यांना मिळून. माझी आई आली होती तेव्हा तिला एवढंच शिकवलं होतं. पायरी चढून, पदर सावरत ती म्हणाली, आणि अख्ख्या बसने उत्तर दिलं. एका आजींनी पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली. काही न बोलता थेट पत्ता विचारला तर माणसं दुखावतात. आधी नमस्कार, मग प्रश्न.

विमानतळावरून सामान घेऊन येताना टॅक्सीच करा. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा आणि डॉलर कुठले तेही विचारा. दोन बार्बाडोस डॉलरचा एक अमेरिकी डॉलर, त्यामुळे गैरसमज झाला तर दुप्पट पैसे जातात.

सासऱ्यांना क्रिकेटचं वेड आहे असं लिहिलंत. केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाउनमध्येच आहे. २९ जून २०२४ ला आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो ते हेच मैदान. बाहेर इथलेच महान क्रिकेटपटू सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे, तिथे सासऱ्यांचा फोटो नक्की काढा.

आता गाडीचे दोन दिवस. ते पूर्व किनाऱ्यासाठी ठेवा, कारण बाथशीबाला बस जाते, पण वाटेत मनासारखं थांबता येत नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात बसलेला असतो. पर्यटकाला वेगळा तात्पुरता परवाना लागतो, तो गाडी देणारेच काढून देतात. भाड्याच्या गाडीची पाटी ‘एच’ने सुरू होते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि बरेच जण वाट देतात. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा, पण ईशान्येचा स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट चिकणमातीचा. पावसात ती जमीन सरकते आणि रस्ते खचतात, तिथे हळू चालवा. बाथशीबाला लाटा बघा, खडकांमधल्या उथळ डबक्यांत पाय बुडवा, पण समुद्रात पोहायला उतरू नका, ओढ फार आहे. आणि चारपर्यंत परतीला लागा. सहाच्या सुमारास अंधारतं, उसाच्या शेतांमधले रस्ते अरुंद आहेत आणि बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत.