आजोबांची नाणी विकण्याआधी घासू का?

आजोबांकडून आलेली साठेक नाणी, बरीचशी चांदीची, काही तांब्याची. त्यांवर काळे-तपकिरी डाग. एका खरेदीदाराने ‘चकचकीत करून आणा’ म्हणून सांगितलंय आणि आलेल्या पैशातून तुम्हाला कर्जाचा एक भाग फेडायचाय.

घासू नका. डागामुळे नाण्याची किंमत जेवढी उतरायची तेवढी उतरून झालेली आहे. साफ करून ती थोडी वर येईलही, पण हात चुकला तर जे जाईल ते परत येणार नाही. आज राहू दिलेला डाग उद्या एखादा जाणकार काढू शकेल. ओरखडा मात्र कोणी भरून देत नाही.

चांदीवरचा काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो. नाणं पॉलिशच्या द्रावणात बुडवलं की तो जातो, पण जाताना धातूचा वरचा पापुद्राही घेऊन जातो. नवं नाणं तिरपं केलं की प्रकाश त्यावर गोल फिरतो ना, तो खेळ ठसा मारताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांचा. त्या झिजल्या की नाणं पांढरंफटक दिसतं, पण मेलेलं. तांबं घासलं तर अनैसर्गिक गुलाबी होतं आणि पारखी माणूस ते लगेच ओळखतो. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या संस्था नाण्यांना १ ते ७० अशी प्रत देतात. वाईट रीतीने साफ केलेल्या नाण्याला आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो आणि भाव तिथेच पडतो. त्या खरेदीदाराला एवढंच विचारा: दुसऱ्या कोणी घासून आणलेलं नाणं तुम्ही पूर्ण भावाने घेता का?

एका बाबतीत मात्र थांबणं महागात पडतं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात राहिलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो आणि तो धातू खात राहतो. त्यावर शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं: काचेच्या भांड्यात ते घेऊन नाणं बुडवायचं, घासायचं नाही, खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात रंग-सुगंधाची भर असते.

साठातली बहुतेक नाणी सर्रास मिळणारी आणि झिजलेली असतील. त्यातली चांदीची वजनावरच जातील, मग ती चमकवण्यात वेळ कशाला घालवायचा? उरलेली दोन-चार वेगळी वाटली तर शुल्क घेऊन मत देणाऱ्याला दाखवा, विकत घेऊ पाहणाऱ्याला नाही. प्रत ठरवून घेण्याचा खर्चही भावातल्या अपेक्षित वाढीपेक्षा कमी असेल तरच करा.

आणि कर्जफेडीच्या तक्त्यात नाण्यांचा जो आकडा धरलाय तो तूर्त खोडा. पैसे हातात आले की लिहा.