सोनी ए७ फोर, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ: कोणती मेमरी कार्डं घ्यावीत?

तुमचा प्रश्न मला असा समजला. सोनी ए७ फोर हा कॅमेरा नुकताच घेतलाय, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ दोन्ही त्याच बॉडीवर करायचे आहेत. व्हिडिओ ४के २५पी (सेकंदाला २५ फ्रेम), १०-बिट (रंगांच्या जास्त छटा), अधूनमधून स्लो मोशन. दुकानदार म्हणतो सीएफएक्सप्रेसशिवाय, म्हणजे एसडीपेक्षा वेगवान अशा वेगळ्या प्रकारच्या कार्डाशिवाय, भागणार नाही. मित्र म्हणतो, २०० एमबी स्पीडचं साधं एसडी कार्ड भरपूर झालं.

या कामाला माझं उत्तर: व्ही६० वर्गाची, यूएचएस-२ ची, एकाच मॉडेलची दोन २५६ जीबी एसडी कार्डं, जोडीला १२८ ची दोन राखीव आणि एक चांगला यूएचएस-२ रीडर (या खुणांचा अर्थ पुढे सांगतो). दुकानदार सांगतो ते कार्ड या कामाला जास्तीचं आहे, आणि मित्र सांगतो ते नेमकं स्लो मोशनला दगा देईल. ते का, हे नीट समजून घ्या. पुढे कॅमेरा बदलला तरी हिशोब हाच राहतो.

आधी कार्डावर काय छापलेलं असतं ते बघा. सर्वांत मोठ्या अक्षरात असलेला २०० किंवा ३०० चा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डातून लॅपटॉपवर कॉपी करतानाचा. कॅमेऱ्याला लिहिण्याचा वेग लागतो, आणि तोही क्षणभराचा नाही, तासभर टिकणारा. त्याची हमी म्हणजे व्ही हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा. व्ही३० म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. यू अक्षराच्या आत ३ लिहिलेलं असेल तर तेही ३० च. ए१, ए२ ही खूण फोनमधल्या ॲपसाठी आहे, कॅमेऱ्याच्या निवडीत तिचा विचार करू नका.

रोमन आकड्यातला १ किंवा २ म्हणजे यूएचएस-१ किंवा यूएचएस-२ ही बस, म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातला डेटाचा रस्ता. यूएचएस-१ ची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-२ ची ३१२. कार्ड उलटं करून पाहिलं की कळतं: यूएचएस-२ कार्डाला मागे सोनेरी पिनांची दुसरी ओळ असते. मग यूएचएस-१ कार्डावर २०० एमबी कसं छापतात? ते कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने, तिला साथ देणाऱ्या रीडरमध्येच मिळतं. कॅमेऱ्यात ते कार्ड १०४ च्या आतच चालतं. मित्राचा २०० चा आकडा इथून आला.

आता व्हिडिओ. कॅमेऱ्याच्या मेनूत बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारा डेटा, मेगाबिटमध्ये असतो आणि कार्डावर वेग मेगाबाइटमध्ये. आठने भागायचं, बस. ए७ फोरवर एक्सएव्हीसी एस (सोनीचा व्हिडिओ फॉरमॅट) ४के, २५पी, ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील ठेवणारं) १०-बिट म्हणजे १४० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १७.५ एमबी. ५०पी ला २०० मेगाबिट, म्हणजे २५ एमबी. मित्र सांगतो तसं कार्ड सहसा व्ही३० असतं, आणि हे दोन्ही आकडे ३० च्या आत बसतात. इथपर्यंत मित्राचं म्हणणं बरोबर आहे.

अडतं ते एस अँड क्यू (स्लो अँड क्विक) या स्लो मोशनच्या मोडमध्ये. समजा तुम्ही फाइल २५पी ठेवली आणि फ्रेम रेट ५०, म्हणजे निम्म्या वेगाची स्लो मोशन. फाइल चालवताना ती १४० मेगाबिटची दिसते. पण दहा सेकंद चालणारी फाइल कॅमेऱ्याने पाच सेकंदांत लिहिलेली असते. म्हणजे कार्डावर प्रत्यक्ष २८० मेगाबिटचा, सेकंदाला ३५ एमबीचा भार पडतो. व्ही३० ची हमी ३० वर संपली. कार्ड एखादे वेळी निभावून नेईलही, पण वधू बोहल्यावर चढत असताना त्या 'एखादे वेळी'वर विसंबायचं नसतं.

तसंच एक्सएव्हीसी एस-आय, ज्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवली जाते. २५पी ला २५० मेगाबिट, म्हणजे ३१.२५ एमबी. व्ही३० सव्वा एमबीने कमी पडतं. ५०पी ला ५०० मेगाबिट म्हणजे ६२.५ एमबी, इथे व्ही६० सुद्धा अडीच एमबीने मागे. भारतात टीव्हीची पाल पद्धत असल्याने मेनू २५/५० वर असतो, पण कुणी तो अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीवर नेऊन ६०पी ठेवलं तर ६०० मेगाबिट, ७५ एमबी. एस-आय ५०पी किंवा त्यावरचं काही नियमित करायचं असेल तरच व्ही९० किंवा सीएफएक्सप्रेस. लग्नाच्या तासन् तास चालणाऱ्या रेकॉर्डिंगला एस-आयची मी शिफारस करणार नाही. ५०पी वर ताशी २२५ जीबी होतात, आणि ४:२:२ १०-बिट रंग तर एक्सएव्हीसी एसमध्येही मिळतोच. एस-आयचा फायदा मुख्यतः एडिटिंगला फाइल हलकी चालते एवढाच, आणि त्यावर प्रॉक्सी (एडिटिंगपुरती केलेली हलकी प्रत) हा स्वस्त उपाय आहे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅमेरा कार्डाचा वेग मोजून परवानगी देत नाही, कार्डात नोंदलेला वर्ग वाचतो. म्हणून एखादं व्ही६० कार्ड प्रत्यक्षात शंभरच्या वर लिहीत असलं तरी व्ही९० मागणाऱ्या फॉरमॅटला कॅमेरा नकार देऊ शकतो. कार्ड खराब आहे असं समजून लोक परत करायला जातात. खरेदीआधी कॅमेऱ्याच्या हेल्प गाइडमधला मेमरी कार्डांचा तक्ता उघडा आणि आपला फॉरमॅट ज्या ओळीत आहे ती ओळ बघा. एस अँड क्यूसाठी वेगळी ओळ असते, तीही.

फोटोंचा हिशोब वेगळा आहे. तिथे हमीच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष लिहिण्याचा वेग कामाला येतो, कारण कॅमेरा फोटो आधी बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत, भरतो आणि मग कार्डावर रिकामं करतो. ए७ फोरची कॉम्प्रेस्ड रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा दाबून ठेवणारी फाइल) साधारण ३५ एमबीच्या आसपास. सेकंदाला दहा फ्रेम म्हणजे ३५० एमबी. इतकं लिहिणारं एसडी कार्डच नाही, कारण बसची मर्यादाच ३१२. बफर भरल्यावर काय होतं ते महत्त्वाचं: ८० एमबीने लिहिणारं यूएचएस-१ कार्ड सेकंदाला जेमतेम दोन फोटो रिकामे करतं, १३० ने लिहिणारं व्ही६० तीन-चार, २५० ने लिहिणारं व्ही९० सात. सीएफएक्सप्रेस टाइप ए (या कॅमेऱ्यात बसणारा सीएफएक्सप्रेसचा प्रकार) मात्र या बॉडीत दहा फ्रेमच्या वेगाला पुरं पडतं. (रॉ फाइलींत दहा फ्रेम फक्त या कॉम्प्रेस्ड रॉला मिळतात. लॉसलेस किंवा अनकॉम्प्रेस्ड ठेवलंत तर सुमारे सहावर येतं, हे अनेकांना माहीत नसतं.)

लग्नात सलग दहा-पंधरा सेकंद बटण दाबून ठेवण्याची वेळ येते कुठे? अंतरपाट दूर होतो तेव्हा आणि अक्षता पडतात तेव्हा. दोन-तीन सेकंदांचे झटके, मध्ये श्वास घ्यायला वेळ. व्ही६० ला ते जमतं. पक्षी किंवा कबड्डीचे सामने हे तुमचं काम असतं तर मी टाइप ए सांगितलं असतं.

टाइप ए बद्दल दोन गोष्टी. ए७ फोरच्या फक्त पहिल्या स्लॉटमध्ये ते बसतं, दुसरा स्लॉट एसडीचाच. दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी लिहायला लावलंत की मागे पडणाऱ्या कार्डाच्या वेगाने सगळं चालतं, म्हणजे महागडं टाइप ए दुसऱ्या स्लॉटमधल्या एसडीची वाट बघत बसतं. दुसरी, टाइप बी हे आकाराने मोठं, वेगळंच कार्ड आहे. ते या बॉडीत जात नाही आणि दोघांचे रीडरही वेगळे. ऑनलाइन घेताना नावात फक्त 'सीएफएक्सप्रेस' पाहून बटण दाबू नका. आणि ४.० (नवी आवृत्ती) लिहिलेलं टाइप ए घेतलंत तरी या कॅमेऱ्यात ते जुन्या २.० च्या वेगानेच चालेल. फायदा झालाच तर कॉपी करताना, तोही ४.० चा रीडर असेल तर. तरीही कधी व्ही९० घ्यायची वेळ आली, तर त्याआधी त्याच क्षमतेच्या टाइप ए ची किंमत जरूर विचारा. फरक दर वेळी मोठा असेलच असं नाही.

आकार किती? १४० मेगाबिटला तासाला ६३ जीबी, म्हणजे १२८ चं कार्ड दोन तास. २०० मेगाबिटला तासाला ९० जीबी, म्हणजे तेच कार्ड ८५ मिनिटं. एका लग्नाचा अंदाज घेऊ: १४०० रॉ म्हणजे सुमारे ५० जीबी, दोन तास २५पी म्हणजे १२६, वीस मिनिटं ५०पी म्हणजे ३०. बेरीज २०६. म्हणून २५६. 'छोटी कार्डं जास्त घ्या, एक गेलं तर सगळं जाणार नाही' हा सल्ला एका स्लॉटच्या कॅमेऱ्यांच्या काळातला आहे. दोन्ही स्लॉटमध्ये तीच प्रत लिहिली जात असेल तर उलट वारंवार कार्ड काढण्या-घालण्यातच धोका जास्त: कार्ड हरवणं, भरलेलंच परत घालणं, घाईत लाल दिवा लागलेला असताना झाकण उघडणं.

ते दुहेरी लेखन मेनूत स्वतः चालू करावं लागतं. शूटिंग टॅबमध्ये मीडिया, त्यात रेकॉर्डिंग मीडियाची सेटिंग. फोटोंची आणि व्हिडिओची निवड वेगवेगळी आहे. फोटोंना 'सायमल्टेनियस' (दोन्ही कार्डांवर एकाच वेळी) करून व्हिडिओला विसरलात तर दिवसभराचा व्हिडिओ एकाच कार्डावर राहतो. सेट केल्यावर एक फोटो आणि पाच सेकंदांची क्लिप घ्या, आणि दोन्ही कार्डं एकेक करून उघडून बघा.

कार्ड घरी आलं की वापरण्याआधी तपासा. नकली कार्डात बहुतेकदा लहान, समजा ३२ जीबीची, चिप असते आणि ती स्वतःला २५६ म्हणवते. ३२ च्या पुढे लिहिलेलं सगळं वाया, आणि कॅमेरा काही बोलत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ ही फुकटची साधनं आहेत. ती पूर्ण कार्ड भरतात आणि परत वाचून पडताळतात. २५६ च्या कार्डाला यूएचएस-२ रीडरवर तासाभराच्या आत होतं. त्यात लिहिण्याचा सरासरी वेगही दिसतो. तो व्ही६० कार्डावर ६० च्या खाली आला तर आधी रीडर आणि केबल बदलून बघा, तरीही तोच तर कार्ड परत. दुकानातून घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटीचं बिल आणि भारतातल्या अधिकृत आयातदाराची वॉरंटी असल्याशिवाय घेऊ नका.

मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरू नका. एकाऐवजी दोन ठिकाणी पिनांचा संपर्क, आणि अडॅप्टर बहुतेक यूएचएस-१ चेच.

साध्या एसडी कार्डाच्या दोन जागा तुटतात. पिनांच्या मधल्या प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या, आणि बाजूची लॉकची खिट्टी. खिट्टी पडली की कॅमेरा कार्ड 'लॉक' समजतो, कारण खिट्टीने दाबला जाणारा स्विच आता रिकाम्या खाचेत येतो. डेटा सुखरूप असतो, रीडरमध्ये वाचता येतो. कॉपी करून कार्ड निवृत्त करा. खाचेवर चिकटपट्टी लावून कॅमेऱ्यात घालण्याचा उपाय सांगणारे भेटतील, ती पट्टी स्लॉटमध्ये सुटली तर खर्च कॅमेऱ्याचा. सोनीच्या टफ मालिकेतल्या एसडी कार्डांना या पट्ट्याही नाहीत आणि खिट्टीही नाही, म्हणून लग्नाच्या धावपळीत ती मला जास्त भरवशाची वाटतात. त्यात व्ही६० ही मिळतं.

प्रत्येक कार्यक्रमाआधी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही. व्ही वर्गाची हमी सलग रिकाम्या जागेवर लिहिताना लागू होते. मधले मधले फोटो खोडून केलेली जागा तुकड्यातुकड्यांची असते, आणि चांगलं कार्डही तिथे अडखळू शकतं. 'कार्ड जुनं झालं, रेकॉर्डिंग मध्येच थांबतं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. मंगलाष्टकांच्या आधी कार्ड ७० टक्के भरलं असेल तर तेव्हाच बदला.

रीडरवर कंजूषपणा नको. १२८ जीबी यूएसबी २ च्या जुन्या रीडरने तासभर घेतात, यूएचएस-१ च्या रीडरने पंचवीस मिनिटं, यूएचएस-२ ने आठ-नऊ. रात्री दोन वाजता हॉलवरून परतल्यावर हा फरक कळतो, कारण तासभर लागणार असेल तर माणूस 'उद्या करू' म्हणून झोपतो.

कॉपी करतानाची एक चूक सोनीवर फार होते. फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये जातात, पण व्हिडिओ प्रायव्हेट, त्यात एम४रूट, त्यात क्लिप अशा फोल्डरात. सवयीने फक्त डीसीआयएम ओढून घेतलं आणि कार्ड फॉरमॅट केलं की सगळा व्हिडिओ गेला. म्हणून कार्डाचं मूळच, आतलं सगळं, जसंच्या तसं कॉपी करा. मग कार्ड आणि हार्ड डिस्कवर फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा, दुसऱ्या डिस्कवर तेच करा, दोन-चार क्लिप मधूनच चालवून बघा. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका, बाहेर काढून बाजूला ठेवा. वर काही लिहिलं गेलं नसेल तर फोटोरेकसारख्या साधनाने बहुतेक फोटो परत मिळतात. लांब व्हिडिओ मात्र तुकड्यांत येतात किंवा उघडतच नाहीत.