व्होल्टेज उतरलं की मोटार का जळते?

प्रश्न (गेवराई तालुका): बोअरवर पाच एचपीची पाणबुडी मोटार आहे. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) तीनशे मीटर लांब. दोन वर्षांत मोटार तीनदा भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणली. मोटार खराब की लाईट?

उत्तर: दादा, चौथ्यांदा मोटार आत सोडण्याआधी वायरमनकडून दोन आकडे मोजून घ्या. मोटार चालू असताना स्टार्टरवर व्होल्टेज किती आहे आणि तिन्ही फेजला अँपिअर किती जातो. तुमचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

व्होल्टेज म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे धार. एक एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणून पाच एचपीची मोटार 3.7 किलोवॅटचं काम देते. लाईनमधून मात्र ती साडेचार किलोवॅटच्या आसपास ओढते, म्हणजे तासाला साडेचार युनिट. मधला फरक बहुतेक उष्णतेत जातो.

आता दाब उतरला म्हणून बोअरची खोली काही कमी होत नाही. ओझं तेवढंच राहतं, मग मोटार जास्त धार ओढते. 415 व्होल्टला 8 अँपिअर घेणारी मोटार 330 व्होल्टला 10 च्या घरात जाते. दोनच अँपिअर वाढले, असं वाटतं. पण तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. आठ आठे चौसष्ट, दहा दाहे शंभर. दीडपटीहून जास्त ताप त्याच वाइंडिंगला, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीला, सोसावा लागतो आणि तारेवरचं आवरण करपत जातं.

त्यात तुमची केबल. अडीच एमएमची (चौरस मिलिमीटर) तांब्याची असेल, तर तीनशे मीटरला प्रत्येक तारेचा रोध सुमारे 2 ओहम भरतो. 10 अँपिअरला जवळपास 35 व्होल्ट वाटेतच जिरतात आणि सहाशे वॅट नुसते केबल तापवण्यात जातात. सहा एमएमची टाकली तर ही गळती निम्म्याहून खाली येते. म्हणून मोटार पुन्हा भरण्याचे पैसे आधी केबलला लावा, असं मी आग्रहाने सांगेन.

जोडही बघा. परवा एका आखाड्यावर मेन स्विच बंद करून केबलचा जोड उघडला, तर टेप वितळून चिकटलेली आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं. बंद करून पाच मिनिटं झाली होती, तरी बोटाला चटका बसला. असा एक जोड एका फेजचं व्होल्टेज पाडतो आणि उरलेल्या दोन फेजवर भार चढतो.

जास्त अँपिअर गेले की मोटार बंद करणारा रिले सारखा पडतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवून आकडा वाढवू नका. मोटारीच्या पाटीवर जेवढे अँपिअर लिहिलेत, तेवढ्यावरच ठेवा. 350 व्होल्टच्या खाली मोटार चालवू नका. हरभरा एक दिवस थांबेल.

प्रश्न (भोकरदन तालुका): एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत वीज माफ आहे. मग कपॅसिटरला खर्च कशाला?

उत्तर: बिल माफ झालं, पण डीपीची ताकद तेवढीच आहे. 63 केव्हीए ताकदीच्या डीपीवर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या ताकदीतला खऱ्या कामाला लागणारा वाटा) 0.8 असेल तर 50 किलोवॅट निघतात, म्हणजे पाच एचपीच्या दहा-अकरा मोटारी. प्रत्येकाने योग्य मापाचा कपॅसिटर लावून तो 0.95 वर नेला, तर त्याच डीपीवर तेराव्या मोटारीलाही जागा होते. डीपी जळाली तर गव्हाच्या ऐन पाण्यात सगळ्यांचीच मोटार बंद. एकट्याने लावून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ठरवा.

लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचचंही तसंच. सुरू होताना मोटार पाच-सहा पट अँपिअर घेते. लाईट येताच दहा मोटारी एकदम उठल्या की फ्यूज उडतो. शेजाऱ्यांशी बोलून कुणी दोन, कुणी चार मिनिटांचा टायमर लावा. फ्यूज उडालाच तर डीपीला हात लावू नका, लाईनमनला बोलवा. दरवर्षी माणसं जातात यात.

आणि पाइप. दोन इंची काढून अडीच इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाचा तोटा जवळपास एक तृतीयांशावर येतो. म्हणजे लाईटच्या आठ तासांत जास्त रान भिजतं.

गेवराईच्या दादांनी व्होल्टेज, तिन्ही अँपिअर आणि केबलचं माप कागदावर लिहून आणावं. केबल कितीची घ्यायची, ते समोर बसून काढून देतो.