कॉन्व्हेंट शाळेत अभ्यासक्रमावर ख्रिस्ती धर्माचा किती परिणाम होतो? गोव्यात मुलीला घालावं का?

पुस्तकं सरकारी तीच असतात हो. अपूर्णांकात येशू येत नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेच्या कलम 28 मध्येच आहे ते. आमच्या वेळी कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जायची, बाकीचे आम्ही मॉरल सायन्सला. त्या तासाला अर्धा वर्ग पेंगायचा.

धर्म दिसतो तो दुसरीकडेच. सातवीत गणिताच्या चाचणीत मी कॉपी केली. सिस्टरनी ना छडी घेतली ना घरी निरोप धाडला. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसवलं आणि म्हणाल्या, "बाबा, कितें केलें तें तूंच सांग." मी नाक पुसत गप्प. त्या शेजारी वह्या तपासत बसून राहिल्या, घंटा व्हायची वेळ आली तरी उठेनात. शेवटी बोललो. मग माझे गुण मलाच खोडायला लावले, वर महिनाभर चौथीतल्या एका पोराकडून पाढे म्हणून घ्यायचे. ते पोर रोज तेर सत्तेला अडायचं. आधी पश्चात्ताप, मग कबुली, मग भरपाई, हा सगळा कॅथलिकांच्या कन्फेशनचा क्रम, हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं. येशूचं नावही त्यांनी काढलं नव्हतं.

सेल्सियन फादरांकडे असंच काहीसं आहे. विवेक, धर्म आणि माया या तिन्हींच्या जोरावर शिक्षेची वेळच येऊ द्यायची नाही, असं त्यांच्या संघाचे संस्थापक डॉन बॉस्को यांनी 1877 मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या सिस्टर त्या संघाच्या नव्हत्या, तरी वागणं तेच.

घरी काका म्हणाले, "बघ, असंच हळूहळू बाटवतात." चोपलं असतं तर त्यांना चाललं असतं! पुढच्याच वर्षी इंग्रजीसाठी स्वतःच्या मुलाला त्याच शाळेत घातलं. दर गणेश चवथीला हा वाद निघतोच. काका, तुमच्या बाटलेल्या पुतण्याने यंदाही पालखीला खांदा दिला. तुमचा चिरंजीव चवथीला तरी येतो का?

अर्थात माझा अनुभव एका शाळेचा, खरं तर एकाच सिस्टरचा. त्याच शाळेत मराठी बोललं की चार आणे दंड होता, आणि ते आजही डाचतं. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये इथल्याच रायतूरला दहा हजारांवर मराठी ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं, आणि आम्हाला मात्र मधल्या सुट्टीतही मराठीची चोरी. मुलीला खुशाल घाला, पण असला दंड अजून घेतात का, तेवढं आधी विचारून घ्या.